गिटारची तार तुटली, आता काय?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं

अकूस्टिक गिटार नव्यानं हातात घेतलेल्या वाचकांची तारांविषयीची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सोयीसाठी दोन शब्द ठरवून घेऊ. हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या चपट्या भागावर, जी धातूची दांडी फिरते आणि जिच्यावर तार गुंडाळली जाते ती खुंटी. आणि ती फिरवण्यासाठी बाहेरून बोटांनी पिळायची ती चावी. उत्तरं वाचण्याआधी एक विनंती: तार तुटली असेल तर तिचे दोन्ही तुकडे टाकून देऊ नका. ती नेमकी कुठे तुटली यावरून बरंच काही कळतं, आणि तुकडे कचऱ्यात गेले की ते कळायला मार्ग उरत नाही.

प्रश्न: गिटार घेऊन दोन महिने झाले. सुरात लावताना सगळ्यात वरची तार तुटली. एकच तार आणू की पूर्ण सेट? आणि दुकानात नेमकी कोणती मागू?

‘सगळ्यात वरची’ या शब्दांवरूनच दुकानात घोळ होतो. गिटार मांडीवर घेतल्यावर वर दिसते ती जाड तार, पण तिचा क्रमांक सहावा. मोजणी बारीक तारेपासून होते: पहिली ई, दुसरी बी, तिसरी जी, चौथी डी, पाचवी ए आणि सहावी जाड ई. पहिली आणि सहावी दोन्ही ‘ई’च, पण त्यांच्यात दोन सप्तकांचं अंतर आहे, सहावी साधारण ८२ हर्ट्‌झला वाजते, तर पहिली ३३०ला. म्हणून नुसतं ‘ई द्या’ म्हणू नका. ‘पहिली’ किंवा ‘सहावी’ म्हणा, आणि शक्य असेल तर तुटलेला तुकडा सोबत न्या.

एक की सेट, हे बाकीच्या पाच तारांकडे पाहून ठरवा. त्या महिन्याभरापूर्वीच लावल्या असतील, बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागत असतील, तर एकच बदलली तरी चालेल. त्या काळवंडल्या असतील, खरखरीत लागत असतील किंवा फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) दाबल्या जाणाऱ्या जागी खालून चपट्या झाल्या असतील, तर सेट बदला. जुन्या पाचांत एक नवी तार घातली की तीच तेवढी खणखणते आणि प्रत्येक कॉर्डमध्ये पुढे येते. नव्या गिटारवर ज्या तारा येतात, त्या चढवून किती काळ झालाय हे घेणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून गिटार घेतल्यानंतर पहिल्यांदाच तार तुटली असेल तर पूर्ण सेट बदलावा, हा आमचा सल्ला. सोबत त्याच जाडीच्या पहिल्या तारेचे एक-दोन सुटे नग घेऊन ठेवा. सर्वांत बारीक तीच, त्यामुळे चुकून जास्त ताणली गेली तर आधी तुटते तीही हीच.

प्रश्न: पाकिटांवर १०-४७, ११-५२, १२-५३ असे आकडे असतात. कुठे ‘फॉस्फर ब्राँझ’, कुठे ‘८०/२०’. नवशिक्यानं काय घ्यावं?

आकडे जाडीचे आहेत, इंचाच्या हजाराव्या भागात. १२-५३ म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच, सहावी ०.०५३ इंच. १०-४७ला एक्स्ट्रा लाइट म्हणतात, ११-५२ला कस्टम लाइट, १२-५३ला लाइट आणि १३-५६ला मीडियम. नावात ‘लाइट’ असलं तरी १२चा सेट नवशिक्याच्या बोटांना हलका वाटत नाही.

जाडीतला फरक आकड्यांत किरकोळ दिसतो, बोटांना तसा लागत नाही. त्याच सुरासाठी लागणारा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिली तार १२ऐवजी १०ची लावली तर ताण जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. पूर्ण १२-५३ सेट सुरात असताना गिटारवर मिळून सुमारे ७० ते ७५ किलोंची ओढ असते. १०-४७ला ती ६०च्या आसपास येते. शिकताना आम्ही ११-५२ सुचवू. दाबायला सोपा, आणि १०च्या सेटइतका आवाज बारीकही होत नाही. मात्र एकच तार बदलायची असेल तर ती बाकीच्या सेटच्याच जाडीची हवी. पाकीट हरवलं असेल तर डिजिटल कॅलिपरनं पहिली तार मोजा: ०.२५ मिलिमीटर आली तर १०, ०.२८ आली तर ११, ०.३० आली तर १२.

‘८०/२०’ म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. नाव ब्राँझचं असलं तरी धातू पितळच. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्यासोबत कथील आणि किंचित फॉस्फरस असतो. पहिल्याचा आवाज सुरुवातीला जास्त झळाळता, दुसऱ्याचा जरा उबदार आणि तसा टिकणारा. ही सगळी चर्चा तिसरी ते सहावी या गुंडाळीच्या, म्हणजे वरून बारीक तार गुंडाळलेल्या, तारांपुरती. पहिली आणि दुसरी दोन्ही प्रकारांत साध्या स्टीलच्याच असतात. इलेक्ट्रिक गिटारचा निकेलचा सेट तेवढा घेऊ नका. बसेल, पण अकूस्टिकवर आवाज फिका पडतो.

प्रश्न: मी कधीच तार बदललेली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट सांगाल का?

जवळ असू द्या: नवी तार, ट्यूनर (क्लिपचा किंवा फोनवरचा), तार कापायचा कटर, मऊ फडकं, आणि शक्य असेल तर स्ट्रिंग वाइंडर. वाइंडर हे प्लास्टिकचं स्वस्त हँडल चावीवर बसवून फिरवायचं असतं. बऱ्याच गिटारींत खुंटीचा एक फेरा पूर्ण व्हायला चावी चौदा ते अठरा वेळा फिरवावी लागते. तीन वेढ्यांसाठी पन्नासेक फेरे बोटांनी फिरवून पाहिलं की वाइंडर का हवा ते कळतं. शिवाय त्याच्या टोकाला खाच असते, ती पिन उपटायला उपयोगी पडते.

गिटार टेबलावर पाठीवर झोपवा, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा.

आधी जुनी तार काढायची. तुटली असेल तर ताण गेलेलाच आहे; न तुटलेली बदलत असाल तर चावी फिरवून ती पूर्ण लोंबेपर्यंत सैल करा. सुरात असलेली तार कटरनं कापू नका. टोक उसळून हाताला किंवा डोळ्याला लागू शकतं. खुंटीवरचे वेढे उलगडा आणि भोकातली दुमड सरळ करून टोक बाहेर ओढा.

आता ब्रिजची, म्हणजे पुढच्या फळीवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याची, पिन. वाइंडरची खाच पिनच्या डोक्याखाली सरकवा आणि सरळ वर उचला. हलत नसेल तर तार थोडी ब्रिजच्या आत ढकला, म्हणजे आत अडकलेला बॉल सुटतो. पिन घट्ट वाटते ती बहुधा त्यानंच. तरीही नाही निघाली, तर साउंड होलमधून (पुढच्या फळीवरच्या गोल भोकातून) हात घालून पिनचं खालचं टोक चाचपा आणि नाण्यानं आतून वर ढकला. पकडीनं डोकं आवळून ओढलं तर प्लास्टिकची पिन हमखास तुटते. एकाहून जास्त पिना काढत असाल तर क्रमानं ठेवा, प्रत्येक पिन आपल्याच भोकात जाऊ द्या. काही गिटारींच्या ब्रिजला पिना नसतातच. तिथे तार ब्रिजच्या मागच्या बाजूनं भोकातून ओढून घ्यायची, बाकी सगळं सारखंच.

नव्या तारेच्या एका टोकाला छोटी धातूची गोळी असते, तिलाच बॉल एंड म्हणतात. काम बिघडतं ते बहुतेक या जागी, म्हणून इथे घाई नको. गोळीच्या लगेच वर तारेला बोटानं किंचित बाक द्या. गोळी भोकात साधारण तीन सेंटिमीटर सोडा. पिनला लांबीत एक खोबण असते. ती साउंड होलकडे, म्हणजे तारेच्या बाजूला करून पिन भोकात ठेवा, पण अजून दाबू नका. एका हाताचा अंगठा पिनवर हलकाच ठेवून दुसऱ्या हातानं तार वर ओढा. गोळी वर येऊन ब्रिजखालच्या लाकडी पट्टीला टेकली की ओढ एकदम थांबल्याचं हाताला कळतं. त्यानंतरच पिन अंगठ्यानं दाबून बसवा. ठोकायची गरज नसते. तार धरून ठेवते ती पिन नव्हे, तर पट्टीला टेकलेली गोळी. पिन फक्त गोळीला बाजूला सरकू देत नाही. एवढं लक्षात राहिलं की पिन उडण्याचा त्रास बव्हंशी मिटतो.

आता दुसरं टोक. चावी फिरवून खुंटीचं भोक तारेच्या रेषेत आणा. तार सॅडलवरून (ब्रिजवरच्या उभ्या पातळ पट्टीवरून) आणि नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीच्या) तिच्या खाचेतून घेऊन भोकात ओवा, ओढून ताठ करा, आणि मग थोडी मागे सोडा. किती? खुंटीची जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे एका वेढ्याला जवळपास दोन सेंटिमीटर तार लागते. गुंडाळीच्या तारेला दोन ते तीन वेढे पुरतात, म्हणून चार-पाच सेंटिमीटर सोडा. साध्या तारेला तीन-चार वेढे हवेत, तेव्हा सहा-सात सेंटिमीटर. कमी वेढ्यांत तार घसरते. आठ-दहा वेढे झाले की ते एकमेकांवर चढतात आणि सूर ठरत नाही.

तीन-तीन खुंट्यांच्या हेडस्टॉकवर तार नेहमी खुंटीच्या आतल्या बाजूनं, म्हणजे हेडस्टॉकच्या मध्याकडून जाते. हेडस्टॉक वर करून समोरून पाहिलं तर चौथी, पाचवी, सहावीच्या खुंट्या घड्याळाच्या उलट दिशेनं फिरायला हव्यात आणि पहिली, दुसरी, तिसरीच्या घड्याळाच्या दिशेनं. गोंधळ झालाच तर शेजारच्या न काढलेल्या तारेकडे पाहा आणि तसंच करा.

एका हाताच्या बोटानं नटजवळ तार खाचेत दाबून ठेवा, तिला हलका ताण द्या आणि दुसऱ्या हातानं वाइंडर फिरवा. प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली, लाकडाच्या दिशेनं पडला पाहिजे. त्यामुळे नटवरून तार खाली कलते आणि खाचेत पक्की बसते. ताण येऊ लागला की थांबून दोन्ही टोकं तपासा: पिन वर आली का, तार सॅडलवर आणि नटच्या योग्य खाचेत आहे का. मग वाइंडर बाजूला ठेवा, ट्यूनर लावा, आणि चावी हातानं अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं फिरवत सुरावर या. या शेवटच्या टप्प्यात दर वेळी तार छेडून पाहायची. फेरे आधी आणि छेडणं नंतर, या क्रमानंच नव्या तारा तुटतात.

सुरात आल्यावर बाराव्या फ्रेटजवळ तार बोटांत धरून फ्रेटबोर्डपासून सेंटिमीटरभर वर उचला, आणखी दोन-तीन जागी तसंच करा. सूर उतरेल. पुन्हा लावा, पुन्हा ओढा. तीन-चार फेऱ्यांत उतरणं जवळपास थांबतं. उरलेलं शेपूट सगळ्यात शेवटी कापा आणि चार-पाच मिलिमीटर ठेवा. गुंडाळीची तार आधीच कापायची वेळ आली तर कापायच्या जागेच्या अलीकडे तिला काटकोनात वाकवा, नाहीतर काही प्रकारच्या तारांची गुंडाळी आतून सुटते आणि आवाज मरतो.

सहा तारांना पहिल्यांदा तासभर लागला तर तो योग्यच वेळ आहे.

प्रश्न: मी तेरा वर्षांचा आहे. तार बदलताना ती तोंडावर उडेल अशी आई-बाबांना भीती वाटते. ती खरी आहे का?

थोडी खरी आहे. एकेका तारेवर दहा ते चौदा किलोंची ओढ असते, त्यामुळे तुटलेलं टोक वेगानं उसळतं. पण काळजी घेणं सोपं आहे. तार चढवताना चेहरा तारेच्या वर आणू नकोस. बाजूला बस आणि गिटार हातभर लांब ठेव. चष्मा असेल तर घाल, नसेल तर प्रयोगशाळेत घालतात तसला साधा गॉगल चालेल. कापलेली टोकं सुईसारखी टोचतात, ती जमिनीवर न टाकता लगेच कागदात गुंडाळून टाक. पहिल्या वेळी मोठं कुणीतरी शेजारी असू दे, पण काम तूच कर.

प्रश्न: तार सुरात येत आली की ब्रिजची पिन वर सरकते. दाबली की पुन्हा वर. पिन बदलायला झाली का?

बहुतेक वेळा पिन ठीक असते. गोळी पट्टीला न टेकता पिनच्या खालच्या टोकावर अडकलेली असते. ताण वाढला की गोळी पिनला वर ढकलते. तार सैल करा, पिन काढा, तारेचा बाक थोडा वाढवा आणि पुन्हा बसवा. खोबण तारेकडे आहे ना, हेही पाहा. साउंड होलमधून छोटा आरसा आणि फोनचा दिवा घालून आतून बघता येतं: गोळी पिनच्या बाजूला, पट्टीला चिकटून दिसली पाहिजे, पिनच्या खाली नाही.

एवढं करूनही सरकत असेल तर आतल्या पट्टीचं भोक झिजून मोठं झालेलं असू शकतं आणि गोळी त्यातून वर येते. हे जुन्या गिटारींत दिसतं, आणि ते दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे. पिनला कागद गुंडाळून घट्ट करण्यानं मूळ दुखणं जात नाही, उलट पिनच्या दाबानं ब्रिजच्या लाकडाला चीर जाण्याची भीती वाढते.

प्रश्न: नवी तार दर पाच मिनिटांनी उतरते. दोन दिवस झाले. तार खराब निघाली का?

नव्या तारेचं उतरणं हे मुख्यतः स्टील लांबल्यामुळे होत नाही. खुंटीवरचे वेढे आवळले जातात, गोळी जागेवर रुतते, सॅडल आणि नटवर तारेला तिचा बाक पडतो. या तिन्हींमुळे थोडी थोडी तार सैल होत जाते. वर सांगितल्याप्रमाणे ओढून घेतली असेल तर हे स्टीलच्या तारेत एका दिवसात संपायला हवं.

दोन दिवसांनंतरही उतरते आहे, म्हणजे ती घसरते आहे. पेननं तार आणि खुंटी दोन्हींवर एक बारीक रेघ ओढा आणि तासाभरानं पाहा. रेघा सरकल्या तर वेढे कमी पडले. पहिल्या-दुसऱ्या तारेसाठी पक्का उपाय असा: तार भोकातून घेतल्यावर तिचं शेपूट हेडस्टॉकच्या मध्याकडच्या बाजूनं मागे आणा, येणाऱ्या तारेच्या खालून काढा, वर उचला आणि तारेवरून मागे दुमडा. आता चावी फिरवली की तार स्वतःचं शेपूट स्वतःच चिमटून धरते. असं केलं तर एक-दोन वेढ्यांतही ती घसरत नाही. ही गाठ नंतर सोडवायला थोडी चिवट असते आणि शेपूट बोटाला टोचतं, तेव्हा जपून.

आणखी एक सवय लावा. सूर नेहमी खालून वर लावायचा. तार चढली असेल तर ती नेमक्या सुरावर उतरवून थांबू नका. सुराच्या खाली नेऊन परत वर या. चावीच्या दात्यांमधली ढिलाई त्यामुळे निघून जाते.

प्रश्न: दर वेळी पहिलीच तार तुटते. चार सेट झाले. स्वस्त तारा वापरतो म्हणून का?

तारेच्या किमतीला दोष देण्याआधी तुटलेल्या जागा पाहा. एकच तार एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटत असेल तर कारण गिटारमध्ये आहे. वेगवेगळ्या जागी तुटत असेल तर तार जुनी होतेय, किंवा सूर लावण्यात चूक होतेय.

खुंटीपाशी तुटत असेल तर भोकाची कड धारदार असते. जुन्या जाड गुंडाळीच्या तारेचा तुकडा भोकात घालून दोरीसारखा मागेपुढे घासा. पाच-सात मिनिटांत धार मोडते. एकदा वाकवलेली तार सरळ करून पुन्हा त्याच जागी वाकवली तरी तिथेच तुटते.

नटपाशी तुटत असेल तर तार खाचेत आवळली जातेय. याची खूण ऐकू येते: चावी फिरवताना सूर काही वेळ हलतच नाही आणि मग ‘टण’ असा आवाज होऊन एकदम उडी मारतो. मऊ शिसपेन्सिलीचं टोक खाचेत चार-पाच वेळा फिरवा; ग्रॅफाइटमुळे तार सरकू लागते. आधी १०चा सेट होता आणि आता १२चा लावलाय, तर खाच खरोखरच अरुंद असू शकते. ती रुंद करायला त्या जाडीची खास कानस लागते, घरातली कानस वापरू नका. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नट बदलावा लागतो.

सॅडलवर तुटत असेल तर जुन्या तारांनी तिथे खोबण पाडलेली असते किंवा कड टोकदार झालेली असते. ६०० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन फक्त ती कड दोन-चार हातांत गोल करा. उंची कमी करायची नाहीये. याच भागात आणखी एक कारण दडलेलं असतं: साध्या तारेला गोळीजवळ काही मिलिमीटर पीळ असतो. गोळी नीट न बसता वर राहिली की तो पीळ सॅडलवर येतो आणि तार पिळाच्या शेवटाला तुटते.

फ्रेटबोर्डच्या मधोमध तुटत असेल तर गंज. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार फडक्यानं वरून आणि खालून पुसली तर तिचं आयुष्य वाढतं. हाताला घाम जास्त येत असेल तर फार वाढतं.

आणि सूर लावताना तुटत असेल, तर ट्यूनर काय सांगतोय ते वाचायला शिका. ट्यूनरवर एफ किंवा जी दिसला म्हणजे तुम्ही ई ओलांडून पुढे गेलात. आता उतरवायचं आहे. नवशिका पुढचा ई शोधत वर जात राहतो. एक अर्धसूर चढवायला ताण बारा टक्क्यांनी वाढतो, पूर्ण सूर चढवायला सव्वीस टक्क्यांनी, आणि सप्तकभर वर जायचं तर तो चौपट व्हावा लागतो. पहिली तार तिथे पोचण्याच्या फार आधी तुटते. दुसरी शक्यता ही की छेडताय दुसरी आणि पिळताय पहिलीची चावी, किंवा शेजारची तार वाजत असल्यानं ट्यूनर तिचा सूर दाखवतोय. म्हणून बाकीच्या तारांवर तळहात ठेवा. दुसरी तार सुरात असेल तर ती पाचव्या फ्रेटवर दाबून वाजवा: पहिली मोकळी तार तशीच वाजायला हवी. हा कानानं घेतलेला पडताळा ट्यूनर असला तरी सोडू नका.

प्रश्न: तार बदलल्यापासून तीच तार झणझणते. आधी असं नव्हतं.

आधी साध्या गोष्टी पाहा. कापलेलं शेपूट लांब राहून हेडस्टॉकला किंवा शेजारच्या तारेला लागतंय का? खुंटीभोवतीचा षट्‌कोनी नट ढिला झालाय का? हे दोन्ही नसेल आणि फक्त मोकळी तार झणझणत असेल, तर वेढे वरच्या दिशेनं पडले असतील. तार नटवर पुरेशी दाबली जात नाही. उतरवून पुन्हा गुंडाळा. सगळ्या फ्रेटवर झणझणत असेल तर नवी तार जुनीपेक्षा बारीक आहे का ते मोजा. कमी ताणाची तार जास्त हेलकावते आणि फ्रेटना लागते. सहाही तारा काढून सेट बदलला असेल तर सॅडल उलटा बसला नाही ना, हेही पाहा. काही गिटारींत तो खाचेत सैल असतो आणि तारा निघाल्यावर हातात येतो. त्याची उंच बाजू जाड तारांकडे असते.

प्रश्न: तुटलेली तार गाठ मारून वापरता येते का?

दोन तुकड्यांची गाठ मारून नाही. गाठ सुरात टिकत नाही आणि फ्रेटवर आडवी येते. मात्र तार खुंटीपाशी तुटली असेल आणि आधी बरेच वेढे असतील, तर वेढे उलगडून उरलेली लांबी भोकापर्यंत पोचते का पाहा. एखाद्या वेढ्यापुरती तार उरली तर वर सांगितलेली चिमट्याची दुमड घालून नवी तार येईपर्यंत काम भागेल. तोवर पाच तारांवर सराव करायलाही हरकत नाही. एक तार नसल्यानं मान वाकत नाही.

प्रश्न: सगळ्या तारा एकदम काढल्या तर मानेला धोका असतो असं ऐकलंय. खरं काय?

तासाभरासाठी, अगदी एखाद्या दिवसासाठी सगळ्या काढल्या तरी काही होत नाही. फ्रेटबोर्ड पुसायला ती एकमेव चांगली संधी असते. तरी पहिल्या एक-दोन वेळा एकेक तार बदला असं आम्ही म्हणू, कारण शेजारची जुनी तार समोर नमुना म्हणून राहते आणि दिशा चुकत नाही. ब्रिज लाकडाला चिकटवलेला नसून केवळ तारांच्या दाबानं उभा असेल, तर मात्र एकेकच बदलायची. नाहीतर ब्रिज जागेवरून हलतो आणि सूर जुळत नाहीत. पूर्ण सेट नवा लावल्यावर, विशेषतः जाडी बदलली असेल तर, दोन-तीन दिवसांनी तारांची उंची पुन्हा पाहा. मान नव्या ताणाशी जुळायला तेवढा वेळ घेते.

प्रश्न: माझी गिटार नायलॉनच्या तारांची आहे. एक तुटली. स्टीलची लावली तर आवाज मोठा येईल ना?

लावू नका. नायलॉनच्या पूर्ण सेटची ओढ चाळीस किलोंच्या आसपास असते आणि क्लासिकल गिटारची पुढची फळी, ब्रिज आणि मान त्याच हिशोबानं हलकी बनवलेली असते. बऱ्याच क्लासिकल गिटारींच्या मानेत ताण पेलायला लोखंडी सळईही नसते. स्टीलचा सेट चढवला तर ब्रिज उखडतो किंवा फळी फुगते, आणि ते लगेच न दिसता काही आठवड्यांनी दिसतं. तुमच्या ब्रिजला पिना नसतील, तार भोकातून ओवून स्वतःभोवतीच बांधलेली असेल, तर गिटार नायलॉनचीच आहे.

नायलॉनची तार ब्रिजवर अशी बांधायची: साउंड होलच्या बाजूनं भोकात ओवा, मागून आठ-दहा सेंटिमीटर बाहेर काढा, ते टोक ब्रिजच्या वरून पुढे आणून तारेच्या खालून घ्या आणि परत मागे नेऊन स्वतःच्याच फासाखालून अडकवा. जाड तारांना एकदा अडकवणं पुरतं. पहिल्या तीन गुळगुळीत तारांना दोन-तीन वेळा गुंडाळा. शेवटचं अडकवणं ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली पडलं पाहिजे. ते वरच राहिलं तर तार सुटते आणि उसळलेलं टोक पुढच्या फळीवर चरा पाडतं. पहिल्या वेळी ब्रिजमागे पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. ही तार स्थिर व्हायला स्टीलपेक्षा बराच वेळ घेते. चार-पाच दिवस रोज अनेकदा सुरात लावावी लागली तर तार सदोष आहे असं समजू नका.